नित्याचें औषध आणि हृदयाचा ठोका

पावसाळा लागला कीं मावळांत सर्दी, खोकला आणि ताप यांची हजेरी घरोघर लागते. वडगांव हें तालुक्याचें ठिकाण. आसपासच्या गांवांतून कचेरीच्या कामासाठीं आलेला मनुष्य परत जातांना औषधाच्या दुकानाशीं थांबतो आणि म्हणतो, “घसा धरला आहे, तें तीन दिवसांचें औषध द्या.” दुकानदार तीन गोळ्यांची पट्टी काढून देतो. चिठ्ठी मागितली जात नाहीं, दाखविलीही जात नाहीं. ही गोळी बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिनची असते. ही गोष्ट एकट्या वडगांवची नव्हे. २०१९ सालच्या खाजगी औषधविक्रीचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत भारतांतील प्रतिजैविक औषधांपैकीं सर्वांत अधिक खप याच औषधाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा असल्याचें दिसून आलें. एकंदर खपांत तिचा वांटा शेंकडा ७.६ होता.

हें औषध वाईट आहे असें मला सांगावयाचें नाहीं. योग्य रोगांत योग्य वेळीं दिलें असतां तें उपकारक आहे, आणि घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांस त्यापासून कांहींही अपाय होत नाहीं. परंतु तें आणि त्याच्यासारखीं दुसरीं कित्येक नित्य परिचयाचीं औषधें क्वचित् प्रसंगीं हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवूं शकतात, आणि तो बिघाड प्राणावर बेतूं शकतो. ही क्वचित् घडणारी गोष्ट कोणाच्या बाबतींत घडते, कां घडते, आणि ती टाळण्याचा उपाय बऱ्याच अंशीं आपल्या घरांतच कसा आहे, याचा विचार आज करूं.

प्रथम हृदयाचा ठोका म्हणजे काय तें पाहूं. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणांत अतिसूक्ष्म दारें असतात. ठोक्याची सूचना आली कीं एका जातीच्या दारांतून सोडियमचे कण आंत शिरतात, पाठोपाठ कॅल्शियमचे शिरतात, आणि पेशी आकुंचन पावते. मग दुसऱ्या जातीचीं दारें उघडून पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि पेशी पुन्हा पूर्ववत् होऊन पुढच्या सूचनेसाठीं सज्ज होते. आकुंचनाइतकीच ही पूर्वस्थितीवर येण्याची क्रिया महत्त्वाची आहे. वडगांवच्या स्थानकावरून पुणें-लोणावळा मार्गावरच्या गाड्या एकामागून एक जातात. परंतु पुढची गाडी टप्प्याबाहेर गेल्यावांचून मागच्या गाडीस सिग्नल मिळत नाहीं. हृदयांतही तोच नियम आहे. मागचा टप्पा मोकळा होण्यापूर्वींच नवी सूचना घुसली, तर अपघाताचा संभव उत्पन्न होतो.

हा टप्पा मोकळा होण्यास किती वेळ लागतो, तें ई.सी.जी. म्हणजे हृदयाच्या विद्युत्-आलेखावर मोजतां येतें. हा आलेख काढण्याचें यंत्र सिद्ध करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांस १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आलेखांतील चढउतारांस त्यांनीं पी, क्यू, आर, एस, टी अशीं अक्षरें दिलीं, तीं आजही चालू आहेत. त्यांपैकीं क्यूपासून टीच्या अखेरीपर्यंतचें अंतर म्हणजे खालच्या दोन कप्प्यांचें आकुंचन सुरू झाल्यापासून तीं पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ. नाडीच्या वेगाचा हिशेब करून तो पुरुषांत सुमारें ४५० आणि स्त्रियांत सुमारें ४६० मिलिसेकंदांच्या आंत असावा असें मानतात. तो ५०० च्या पुढें गेला तर वैद्य चिंतेंत पडतो. कारण मग एखादी अवेळीं आलेली सूचना हृदयास भलत्याच गतींत ढकलूं शकते. आलेखावर त्या वेळीं उंच टोंकें मध्यरेषेभोंवतीं पीळ घातल्याप्रमाणें फिरतांना दिसतात. १९६६ सालीं देसर्तेन या फ्रेंच वैद्यानें या प्रकाराचें वर्णन केलें. हृदय धडधडत असतें, पण रक्त पुढें ढकललें जात नाहीं. रोग्यास घेरी येते, तो बेशुद्ध पडतो. पुष्कळदां कांहीं सेकंदांत लय आपोआप परत येते. न आली तर मृत्यू ओढवतो.

आतां औषधांचा संबंध कोठें येतो? पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दारांपैकीं एक विशिष्ट दार असें आहे कीं, त्यांत अगदीं भिन्न भिन्न औषधांचे कण अडकूं शकतात. तापाचें औषध, ॲलर्जीचें औषध, वांतीचें औषध, मनोविकाराचें औषध. यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, पण या एका दाराशीं तीं सारीं एकत्र येतात. दार अर्धवट बंद झालें कीं पोटॅशियम सावकाश बाहेर पडतें आणि क्यूपासून टीपर्यंतचें अंतर लांबतें.

या ज्ञानाचा आरंभ आपल्या आजोबा-पणजोबांस परिचित असलेल्या कोयनेलपासून होतो. सिंकोना झाडाच्या सालींतून १८२० सालीं पेल्लतिये आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनीं कोयनेल वेगळें काढलें, आणि हिंवतापाच्या प्रदेशांत तें घरोघर जाऊन पोहोंचलें. १९१२ सालीं वेंकेबाख या प्रसिद्ध हृदयवैद्याकडे एक डच व्यापारी आला. त्याची नाडी मधूनमधून अनियमित होई. आपण कोयनेल घेतलें कीं नाडी ताळ्यावर येते, असें त्यानें वैद्यासच सांगितलें. वेंकेबाखनें ही हकीकत १९१४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९१८ सालीं बर्लिनच्या वाल्टर फ्राय यांनीं सिंकोनांतील निरनिराळीं द्रव्यें तपासून पाहिलीं आणि कोयनेलचेंच भावंड असलेलें क्विनिडिन या कामीं सर्वांत प्रभावी असल्याचें दाखविलें. हृदयाची लय सुधारणारें औषध हातीं आलें. परंतु हें औषध घेणारे कांहीं रोगी अकस्मात् बेशुद्ध पडत, तर कांहीं दगावत. १९६४ सालीं सेल्झर आणि रे या अमेरिकन वैद्यांनीं अशा रोग्यांचे आलेख तपासले, तेव्हां औषधानेंच हृदयाची लय मोडत असल्याचें स्पष्ट झालें. जें लय सांवरतें तेंच लय मोडूंही शकतें, हा पहिला धडा.

दुसरा धडा टर्फेनाडिन या औषधानें दिला. शिंका आणि नाक वाहणें यांवर झोंप न आणणारें औषध म्हणून १९८५ सालीं अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली आणि जगभर त्याचा खप झाला. हें औषध पोटांत गेल्यावर यकृत त्याचें जवळजवळ संपूर्ण रूपांतर करून टाकतें. रूपांतरित द्रव्य शिंका थांबवितें आणि हृदयास त्रास देत नाहीं. मूळ द्रव्य मात्र तें पोटॅशियमचें दार अडवितें. १९९० सालीं एका ३९ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिनें टर्फेनाडिनबरोबर केटोकोनॅझोल हें बुरशीवरचें औषध घेतलें होतें. या दुसऱ्या औषधानें यकृताचें काम रोखून धरलें, मूळ द्रव्य रक्तांत सांचलें आणि तिच्या हृदयाची लय बिघडली. दोन्ही गोळ्या नित्याच्या. धोका त्यांच्या गांठीभेटींत होता. भारतांत टर्फेनाडिन आणि त्याच्याच वर्गांतील अ‍ॅस्टेमिझोल यांवर २००३ सालीं बंदी आली. अपचनावरचें सिसाप्राइड याच दोषासाठीं २०११ सालीं बंद झालें. टर्फेनाडिनचें तें निरुपद्रवी रूपांतरित द्रव्य फेक्सोफेनाडिन या नांवानें आज दुकानांत मिळतें. २००५ पासून नव्या औषधास परवानगी देण्यापूर्वीं त्याचा या अंतरावर काय परिणाम होतो तें तपासावें, असा आंतरराष्ट्रीय दंडकही झाला.

तिसरा धडा आपल्या महाराष्ट्रांतला आहे आणि तो फार जुना नाहीं. २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाची सांथ पसरूं लागली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें हिंवतापावरचें आणि संधिवातावरचें औषध या रोगावर चालेल, अशी आशा फ्रान्समधील एका लहानशा अभ्यासामुळें निर्माण झाली. त्यांतील कांहीं रोग्यांस अ‍ॅझिथ्रोमायसिनही दिलें होतें. हीं दोन्ही औषधें हृदयाच्या त्याच एका अंतराशीं खेळणारीं, हें ध्यानांत घ्यावें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें त्याच महिन्यांत, रोग्यांच्या सहवासांत येणाऱ्या आरोग्यसेवकांस आणि रोग्यांच्या घरच्या माणसांस प्रतिबंध म्हणून हें औषध सुचविलें. लोक स्वतः होऊन गोळ्या विकत घेऊं लागले, तेव्हां मार्चअखेर केंद्र सरकारनें त्याच्या विक्रीवर अधिक कडक निर्बंध घातले. एप्रिलमध्यें मुंबईंत धारावी आणि वरळी येथील दाट वस्तींत प्रतिबंधक म्हणून या गोळ्या वाटण्याची योजना पुढें आली, आणि दुष्परिणामांची शंका निघाल्यावर ती बाजूस ठेवण्यांत आली. २४ एप्रिल रोजीं अमेरिकेच्या औषध प्रशासनानें हृदयाच्या लयीस असलेल्या धोक्यामुळें हें औषध कोरोनासाठीं रुग्णालयाबाहेर वापरूं नये, असा इशारा दिला. पुढें इंग्लंडमधील मोठ्या चांचणींत रुग्णालयांतल्या १५६१ रोग्यांस हें औषध आणि ३१५५ रोग्यांस नेहमीचे उपचार देऊन पाहिले. २८ दिवसांत पहिल्या गटांतील शेंकडा २७ आणि दुसऱ्या गटांतील शेंकडा २५ रोगी दगावले. म्हणजे औषधाचा लाभ झाला नाहीं.

मुंबईंत जें घडलें त्याचा अर्थ कोणी असा करूं नये कीं हें औषध विषारी आहे. संधिवाताचे आणि ल्यूपसचे असंख्य रोगी वैद्याच्या देखरेखीखालीं वर्षानुवर्षें तें सुखानें घेतात. अर्थ इतकाच कीं, तपासून, मोजून एका रोग्यास औषध देणें निराळें आणि हृदय, मूत्रपिंड, वय, दुसरीं औषधें यांची चौकशी न करतां सहस्रावधि निरोगी माणसांस तें वाटणें निराळें. जेथें लाभ निश्चित असतो तेथें थोडा धोका पत्करणें शहाणपणाचें ठरतें. जेथें लाभ मुळींच नाहीं तेथें थोडा धोकाही निव्वळ तोट्याचा.

हाच हिशेब आपल्या तीन गोळ्यांच्या पट्टीस लावून पाहूं. अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांतील मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. अ‍ॅमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांच्या तुलनेनें अ‍ॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत, दर दहा लाख वेळां औषध दिलें असतां, हृदयविकारानें ४७ मृत्यू अधिक झाले. म्हणजे सुमारें एकवीस हजारांत एक. परंतु ज्यांचें हृदय आधींच दुर्बळ होतें त्यांच्यांत हा आंकडा २४५ वर गेला, म्हणजे सुमारें चार हजारांत एक. उलट, डेन्मार्कमधील तरुण व मध्यमवयीन लोकांच्या २०१३ सालच्या अभ्यासांत असा अधिक धोका आढळला नाहीं. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले म्हणजे वस्तुस्थिति स्पष्ट होते. धोका सर्वांच्या वांट्यास सारखा येत नाहीं. तो कांहीं माणसांच्या पदरीं एकवटतो. साध्या सर्दीपडशास कारण असलेल्या विषाणूवर तर कोणतेंही प्रतिजैविक चालत नाहीं. तेव्हां अशा सर्दीसाठीं ही पट्टी घेणाऱ्याच्या तराजूंत लाभाचें पारडें रिकामेंच राहतें.

हीं कांहीं माणसें म्हणजे कोण? वय झालेले, स्त्रिया, कारण त्यांच्यांत हें अंतर मुळांतच किंचित् लांब असतें, ज्यांचें हृदय दुर्बळ किंवा नाडी मंद आहे असे, मूत्रपिंड अगर यकृत बिघडलेले, आणि ज्यांच्या रक्तांतील पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम उतरलें आहे असे. हें उतरण्यास फार कांहीं घडावें लागत नाहीं. दोन दिवसांची हगवण आणि वांती पुरते. रक्तदाबासाठीं दिलेल्या, लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनींही तें होतें. यांखेरीज कांहीं कुटुंबांत हें अंतर जन्मतःच लांब असतें. बाहेरून तीं माणसें धडधाकट दिसतात. पण त्या घरांत कोणी ऐन तारुण्यांत पोहतांना, धांवतांना किंवा झोंपेंत अकस्मात् गेलेलें असतें.

आतां एक घर कल्पून पाहूं. घरांतल्या आजींनीं सत्तरी ओलांडलेली आहे. रक्तदाबाची गोळी त्यांना तळेगांवच्या डॉक्टरांनीं दिली आहे, ती लघवीवाटे पोटॅशियम कमी करते. आजोबा गेल्यापासून मन लागत नाहीं म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनीं एस्सिटालोप्राम चालू केलें आहे. पित्तासाठीं सकाळीं अनशापोटीं घ्यावयाची, नांवाच्या शेवटीं ‘डी’ अक्षर असलेली गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून कित्येक महिने चालू आहे. तो ‘डी’ म्हणजे बहुधा डोंपेरिडोन. युरोपच्या औषध संस्थेनें २०१४ सालीं हृदयाच्या धोक्यामुळें त्याचा डोस आणि मुदत मर्यादित केली, आणि तें सामान्यतः आठवड्याहून अधिक देऊं नये असें ठरविलें. अशांत श्रावणाच्या सुमारास आजींचें पोट बिघडतें, दोन दिवस वांत्या आणि जुलाब होतात. वांतीवर ओंडान्सेट्रॉन दिलें जातें. पाठोपाठ खोकला होतो, आणि सूनबाई मागच्या वर्षीं उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी मोठ्या मायेनें काढून देतात. या सगळ्यांत कोणाचीही बुद्धि वाईट नाहीं. तळेगांवचे डॉक्टर आपल्या जागीं बरोबर, पुण्याचे डॉक्टर आपल्या जागीं बरोबर. परंतु पांचही औषधें आणि ती हगवण एका दृष्टिक्षेपांत कोणीच पाहिलेलीं नाहींत. तीं सारीं प्रथम एकत्र येतात तीं आजींच्या हृदयांत.

मला आज जें सांगावयाचें आहे त्याचें सार या उदाहरणांत आहे. धोका एकट्या गोळीपेक्षां गोळ्यांच्या भेटींत अधिक असतो, आणि ही भेट कोणास दिसत नाहीं म्हणून ती घडते. ती दिसेल अशी व्यवस्था करणें हाच खरा उपाय. त्यासाठीं घरांतील प्रत्येक वयस्क माणसाच्या नांवानें एक कागद करावा. त्यावर चालू असलेलें प्रत्येक औषध, त्याचा डोस आणि तें कोणीं दिलें तें लिहावें. वैद्यांचीं चूर्णें, काढे आणि दुकानांतून स्वतः आणलेल्या गोळ्याही त्यांत याव्यात. दांतांच्या डॉक्टरांकडे जावयाचें असलें तरी तो कागद बरोबर न्यावा. तीन दिवसांचें औषध तिसऱ्या दिवशीं संपतें, अशीही समजूत धरूं नये. अ‍ॅझिथ्रोमायसिन शरीरांत पुढें कित्येक दिवस रेंगाळतें आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर कित्येक आठवडे. म्हणून अलीकडे बंद केलेलीं औषधेंही कागदावर राहूं द्यावीं.

पूर्वीं कधीं घेरी येऊन पडणें झालें असेल, किंवा घरांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेलें असेल, तर तें डॉक्टरांस न विचारतां सांगावें. अशा माणसास शंकास्पद औषध देण्यापूर्वीं ई.सी.जी. काढून पाहतां येतो. हगवण-वांती चालू असतां नवें औषध विचारल्यावांचून सुरू करूं नये, आणि क्षारयुक्त पेय, म्हणजे ओ.आर.एस., वेळेवर द्यावें; त्यांत पोटॅशियमही असतें. उरलेल्या गोळ्या जपून ठेवण्याची काटकसर इतर वस्तूंच्या बाबतींत भूषणावह असली तरी येथें ती सोडून द्यावी.

औषध घेत असतां अकस्मात् छातींत फडफड झाली, डोळ्यांपुढें अंधारी आली किंवा शुद्ध गेली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून गप्प बसूं नये. अशा बेशुद्धींत कधीं हातापायांस झटके येतात, आणि घरचीं माणसें तिला फेफरें समजतात. अशा रोग्यास लागलीच रुग्णालयांत न्यावें; रुग्णवाहिकेसाठीं १०८ क्रमांक आहे. घेत असलेल्या औषधांचा कागद तेथेंही बरोबर असावा, कारण दोषी औषध ओळखून थांबविणें हाच उपचाराचा पहिला भाग होय. शिरेवाटे दिलेलें मॅग्नेशियमही अशा वेळीं गुणकारी ठरतें. मनुष्य निपचित पडला आणि श्वास चालेनासा झाला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाबत राहावें.

औषधापासून झालेला अपाय कळविण्याची सोयही आहे. २०१० सालीं सुरू झालेल्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर डॉक्टर, औषधविक्रेता किंवा स्वतः रोगी सूचना देऊं शकतो. टर्फेनाडिनचा दोष उघडकीस आला तो अशा एकेका हकीकतीची नोंद झाली म्हणूनच. क्वचित् घडणारी गोष्ट एका डॉक्टरास आयुष्यांत एकदांच दिसते. दहा गांवच्या नोंदी एकत्र आल्या म्हणजेच तिचा माग लागतो.

शेवटीं एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हें ऐकून कोणीही चालू असलेलें औषध आपल्या मनानें बंद करूं नये. रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची गोळी एकाएकीं सोडल्यानें होणारा अपाय, ज्या अपायाची आपण भीति धरली त्याहून पुष्कळ मोठा असूं शकतो. शंका असेल तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जावें आणि तीन प्रश्न विचारावेत: हें औषध मला खरोखर हवें आहे काय? माझ्या इतर औषधांशीं याचें पटतें काय? आणि हें किती दिवस घ्यावयाचें? या प्रश्नांनीं डॉक्टरांचा अधिक्षेप होत नाहीं. रोग्याचीं सर्व औषधें एका कागदावर पाहावयास मिळणें, ही त्यांना तर मोठीच मदत आहे.